पडदा चिकटला तरी नीट का दिसत नाही, आणि यात जीन्सचं नेमकं काय?

प्रश्न काल रात्रीच वाचला होता, पण ओपीडी आवरून आत्ता जरा निवांत बसलोय. लांबणार आहे, सांभाळून घ्या. मी रेटिनाचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, काम बावीस वर्षं करतोय, रिसर्चवाला नाही, ऑपरेशनवाला आहे, पण फेलोशिपच्या काळात दोन वर्षं लॅबमध्ये पिपेट धरून बसलो होतो त्यामुळे तुम्ही जो पेपर वाचून घाबरलात तो कसा वाचायचा याबद्दल थोडं सांगू शकतो.

आधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत. वडील ६१ वर्षांचे. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, मॅक्युलासकट, म्हणजे मधला बारीक बघायचा भाग पण उचलला गेला. मधलं दिसणं गेल्यापासून ऑपरेशन होईपर्यंत ९ दिवस गेले. व्हिट्रेक्टमी (डोळ्यातलं जेल काढायचं ऑपरेशन) केली, पडदा दाबून धरायला सिलिकॉन ऑइल टाकलं, चार महिन्यांनी ऑइल काढलं, त्यालाही आता दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात पडदा मस्त चिकटलाय. बाबा म्हणतात दाराची चौकट वाकडी दिसते, पेपर वाचता येत नाही, आणि तक्त्यावर गाडी ६/३६ च्या पुढे जात नाही (६/६ म्हणजे नॉर्मल, खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). तुम्ही शोधाशोध केली तेव्हा कळलं की पडदा सुटल्यावर माणसाच्या डोळ्यात खूप जीन्सची ॲक्टिव्हिटी बदलते, प्रकाश ओळखणारे जीन्स खाली जातात, सुजेचे वर जातात. मग तुम्ही विचारताय की हे "बंद पडलेले" जीन्स चालू करायचं औषध किंवा जीन थेरपी आहे का, बाबांची जेनेटिक टेस्ट करू का, आणि तुमचा स्वतःचा नंबर मायनस ७ आहे तर हे तुमच्याकडे येणार का.

यात दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत असं मला वाटतं. एक, बाबांना पडदा सुटायच्या आधीपासून जीन्समध्ये काही दोष होता का. दोन, पडदा सुटल्यामुळे त्यांच्या पेशी कसं वागायला लागल्या. तुम्ही वाचलं ते सगळं दुसऱ्याबद्दल आहे. त्याचा आनुवंशिकतेशी काही संबंध नाही, बाबांच्या रेटिनात जे झालं ते तुमच्याकडे किंवा तुमच्या मुलांकडे "उतरणार" नाही.

मी पेशंटना पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, उदाहरण देतो. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच एक पेटी ठेवलेली आहे, साधारण २०,००० पट्ट्यांची (प्रोटीन बनवायचे जीन्स तेवढे आहेत). लिव्हरची पेशी काही पट्ट्या दाबते, डोळ्याची दुसऱ्या दाबते, म्हणून एक लिव्हर आणि एक डोळा. पडदा सुटल्यावर पेटी मोडत नाही, पट्ट्या तुटत नाहीत, वाजवणारा घाबरतो आणि वेगळंच काहीतरी वाजवायला लागतो. जीन ॲक्टिव्हिटी मोजणं म्हणजे कुठल्या पट्ट्या किती जोरात वाजतायत ते ऐकणं, आणि ते ऐकायचं साधन म्हणजे आरएनए. जीन वाचला गेला की त्याची आरएनएची कॉपी निघते, त्या कॉप्या मोजायच्या.

आता हा वाजवणारा का घाबरतो, ते बघू. रेटिनाच्या सगळ्यात मागच्या थरात प्रकाश पकडणाऱ्या पेशी असतात, एका डोळ्यात साधारण १२ कोटी रॉड आणि ६० लाख कोन. या पेशी प्रचंड खादाड, शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्यांपैकी. पण त्यांच्या थरात स्वतःची रक्तवाहिनी नाही. त्यांचं सगळं खाणंपिणं मागच्या कोरॉइड नावाच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून, मध्ये आरपीई नावाचा काळपट पेशींचा एक थर आहे त्यातून झिरपत येतं. ठिबकवर लावलेलं रोप समजा. पडदा सुटणं म्हणजे ते रोप नळीपासून उचलून वर धरलं आणि मधल्या जागेत नुसतं पाणी साचलं. रोप तेच, नळी चालू, पण मुळाशी पोचत काही नाही. शिवाय आरपीईचं दुसरं काम म्हणजे रोज रॉडच्या टोकाचा जुना झालेला भाग, अंदाजे दहावा हिस्सा, खाऊन साफ करणं. तेही थांबतं. मॅक्युलाच्या अगदी मधोमध तर पुढच्या बाजूच्या रक्तवाहिन्या पण नसतात, म्हणजे तिथल्या पेशींना दुसरा आधारच नाही. मॅक्युला सुटला की आम्ही घाई का करतो ते यावरून लक्षात येईल.

पुढचा घटनाक्रम बराचसा मांजरं आणि उंदीर यांच्या डोळ्यांवरून कळलाय. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला स्टीव्हन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या डोळ्यात पडदा मुद्दाम सोडवून कित्येक वर्षं हेच काम केलं. त्यातून दिसलं की पहिली हालचाल प्रकाश पकडणाऱ्या पेशीत नाही तर म्युलर पेशीत होते, आणि काही मिनिटांत. म्युलर पेशी म्हणजे रेटिनाच्या आरपार उभ्या असलेल्या आधाराच्या पेशी, मांडवाचे वासे म्हणा. त्यांच्यात धोक्याचे सिग्नल पेटतात, मग दिवसभरात त्या आपलं नेहमीचं घरकाम (ग्लुटामेट साफ करणं वगैरे) कमी करतात आणि जीएफएपी नावाचं प्रोटीन भराभर बनवायला लागतात, फुगतात, वाढतात, पुढे वेळ गेला तर वण करतात. प्रकाश पकडणाऱ्या पेशींची टोकं एक-दोन दिवसांत आखडायला लागतात, ऑप्सिनसारखी प्रकाशाची प्रोटीनं चुकीच्या जागी साचतात. रॉडचं मागचं टोक, जिथून ती पुढच्या पेशीला निरोप देते, ते आत ओढलं जातं, आणि मजा म्हणजे पुढची पेशी निरोप येईना म्हणून स्वतःचे धागे लांबवून तिला शोधत जाते. हे माणसाच्या नमुन्यांतसुद्धा दिसलंय. आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशी मरायचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, मग ते कमी होतं पण थांबत नाही, पडदा सुटलेला असेपर्यंत चालूच राहतं.

म्हणजे पेशी दोन प्रकारच्या होतात, मेलेल्या आणि गप्प झालेल्या. मेलेली परत येत नाही, आपल्या डोळ्यात ती नव्याने बनत नाही. गप्प झालेली येते. पडदा चिकटला की टोकं परत वाढतात, आठवडे लागतात, कधी महिने. तुमच्या बाबांच्या डोळ्यात आत्ता या दोघींचं प्रमाण काय, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जीन्सच्या पेपरात नाही, त्यांच्या ओसीटीत (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आहे. त्यावर येतोच.

आधी तो पेपर. तुम्ही लिहिलंय "माणसांवरचा, फ्रान्सचा, २०११", म्हणजे कुठला ते माझ्या लक्षात आलं. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी काढलेले रेटिनाचे तुकडे घेतले आणि चिपवर हजारो जीन्सचा आरएनए एकदम मोजला. निष्कर्ष शीर्षकातच आहे, सूज आणि प्रकाश पकडणाऱ्या पेशींचा मृत्यू, दोन्ही दिसले. काम चांगलं आहे, माणसाच्या डोळ्यातून असा नमुना मिळवणंच दुर्मिळ. पण तो वाचताना तीन गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात.

पहिली, नमुना कुणाचा. जिवंत माणसाच्या रेटिनाचा तुकडा आम्ही उगाच काढत नाही, कधीच नाही. तो काढावा लागतो जेव्हा पडदा आखडून कडक झालाय, कितीही केलं तरी बसत नाही, तेव्हा कडेचा भाग कापावा लागतो. म्हणजे हे सगळ्यात बिघडलेले डोळे, आणि तुकडा कडेचा, मॅक्युलाचा नाही. तुमच्या बाबांचा डोळा त्यात बसतो की नाही हे नुसत्या पेपरवरून ठरत नाही.

दुसरी, तुलना कुणाशी. निरोगी जिवंत माणसाचा रेटिना तुलनेला मिळणार कुठून? तो नेत्रदानातून येतो, म्हणजे मृत्यूनंतर काही तासांनी. आरएनए नाजूक असतो, आणि मृत्यूनंतर पेशीपण काहीतरी वाजवतच असतात. त्यामुळे जो फरक दिसतो त्यातला थोडा पडदा सुटण्याचा आणि थोडा तुलनेच्या नमुन्याचा, आणि तो वेगळा काढायला बरीच मेहनत लागते.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि पेपर वाचताना हमखास निसटते. परत वाजवण्याच्या उदाहरणाकडे येतो, या वेळी अख्खं भजनी मंडळ समजा. तुम्ही सभागृहाच्या बाहेर उभे राहून आतलं भजन ऐकताय. टाळांचा आवाज कमी झाला. का? टाळकरी हळू वाजवायला लागले म्हणून, की निम्मे टाळकरी उठून घरी गेले म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं. अख्खा तुकडा वाटून त्यातला सगळा आरएनए एकत्र मोजला की हेच होतं. "प्रकाशाचे जीन्स खाली गेले" याचा अर्थ प्रत्येक रॉडने ते जीन्स बंद केले असा नाही, निम्म्या रॉड मेल्या असतील तरी आकडा खालीच येईल. उलट बाजूने पण तसंच, सुजेचे जीन्स वर गेले म्हणजे रेटिनाच्याच पेशी सूज वाजवतायत असं नाही, रक्तातून मॅक्रोफेज (सफाईवाल्या पेशी) आत शिरल्या आणि त्यांनी आपला पखवाज सोबत आणला असंही असू शकतं. बहुतेक दोन्ही असतं. त्यामुळेच हल्ली एकेका पेशीचा आरएनए वेगळा मोजायची पद्धत आलीय, आता दरवाजा उघडून कोण काय वाजवतंय ते बघता येतं. पण तुम्ही वाचलेल्या पेपरात ती नव्हती, २०११ मध्ये ती अशी वापरात नव्हतीच. म्हणून "बंद पडलेले जीन्स" हा शब्द वाचून तुम्ही जे चित्र डोळ्यापुढे आणलंत, की आत सगळ्या पेशी शाबूत आहेत आणि नुसता स्विच ऑफ आहे, कुणीतरी ऑन केला की झालं, ते चित्र बरोबर नाही. वाईट बातमी अशी की काही पेशी गेल्यात. आणि ज्या उरल्यात त्यांचा स्विच ऑन करायला बाहेरचं काही लागत नाही, पडदा जागेवर बसवणं हाच तो स्विच, आणि तो तुमच्या सर्जनने दाबलाय.

बरं मग सुजेचे जीन्स दाबायचं औषध का नाही देत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, मीही लॅबमध्ये असताना हेच विचारायचो. एक उदाहरण घ्या. एमसीपी-१ नावाचा निरोप्या आहे, पडदा सुटला की त्याचा जीन जोरात वाजतो, पेशंटच्या डोळ्यातल्या जेलमध्ये पण तो वाढलेला सापडतो. त्याचं काम म्हणजे सफाईवाल्या पेशींना हाक मारणं. बॉस्टनच्या लोकांनी २००७ मध्ये उंदरात तो अडवून दाखवला, तर प्रकाश पकडणाऱ्या पेशी बऱ्याच कमी मेल्या. म्हणजे सफाईला आलेले लोक कचऱ्यासोबत चांगल्या वस्तूही फेकून देत होते. छान. पण त्याच सुजेतले काही सिग्नल, उदाहरणार्थ आयएल-६, पेशीला वाचवायला मदत करतात असंही प्राण्यांत दिसलंय. सरसकट सूज दाबली तर दोन्ही जातात. मरण्याच्या वाटा पण दोन. एक शिस्तीतलं मरण, पेशी स्वतःला आवरून घेते, आणि दुसरं नेक्रॉप्टोसिस, फुटून मरणं. औषधाने पहिली वाट अडवली तर पेशी दुसऱ्या वाटेने जाते, दोन्ही एकदम अडवल्या तर वाचतात, पण हे उंदरात. आणि उंदरात पडदा सुटल्याचा क्षण संशोधकाला माहीत असतो, औषध त्याच सुईतून जातं. माणूस माझ्याकडे येतो तेव्हा चार-पाच दिवस कधीच उलटलेले असतात, मरणाची मोठी लाट येऊन गेलेली असते. मला वाटतं औषध अजून ओपीडीत का नाही याचं हे अर्धं कारण आहे. आज पडदा सुटल्यावर प्रकाश पकडणाऱ्या पेशी वाचवायचं म्हणून सिद्ध झालेलं, मी चिठ्ठीवर लिहू शकेन असं औषध नाही. ना थेंब, ना गोळी, ना ते ल्युटीनवाले महाग कॅप्सूल.

ऑक्सिजनबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. त्यामागे खरं काम आहे, मांजरांना ७० टक्के ऑक्सिजनच्या हवेत ठेवलं तर सुटलेल्या पडद्यातल्या पेशी कमी मेल्या, १९९९ चं काम. पण ते पडदा सुटलेला असतानाचं. बाबांचा चिकटून सहा महिने झाले, आता घरी मशीन भाड्याने आणून काही होणार नाही, आणि एवढा ऑक्सिजन दिवसभर घेणं फुफ्फुसांना चांगलं नाही. ते पैसे ओसीटीला वापरा.

जीन थेरपी. डोळ्याची पहिली मंजूर झालेली जीन थेरपी अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये आली, आरपीई६५ नावाच्या एका जीनमध्ये जन्मजात दोष असलेल्या लोकांसाठी, दोन डोळ्यांची किंमत तेव्हा साडेआठ लाख डॉलर होती. बाबांच्या बाबतीत असा मोडलेला जीनच नाही, त्यामुळे बदलायला काही नाही. पण गंमत सांगतो, ते औषध द्यायचं कसं, तर रेटिनाच्या मागे सुई घालून द्रव सोडायचा, म्हणजे सर्जन स्वतःच्या हाताने एक छोटा पडदा-सुटणं तयार करतो! तो फुगा बहुतेक वेळा दिवसा-दोन दिवसांत जिरतो आणि पेशी सावरतात. पडदा थोडा वेळ सुटला तर डोळा सहन करतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. सगळा हिशोब वेळेचा.

वेळेवरून, ते ९ दिवस. तुमच्या लिहिण्यात अपराधीपणा दिसतो म्हणून सांगतो. मॅक्युला सुटल्यावर पहिल्या तीनेक दिवसांत पडदा बसला तर निकाल सरासरीने चांगला, आठवड्यानंतर तो आणखी घसरतो, हे खरं आहे आणि खोटं सांगून उपयोग नाही. पण हे सरासरीचं बोलणं. पडदा किती उंच उचलला होता (कमी उंच असेल तर मुळं नळीच्या जवळ राहतात), वय काय, आधी नजर कशी होती, ऑपरेशन एकात झालं की दोनदा करावं लागलं, या सगळ्यावर फरक पडतो. माझ्याकडे एक टेम्पोवाला चौथ्या दिवशी आला आणि ६/१२ ला थांबला, आणि एक बाई पंधराव्या दिवशी आल्या, मोतीबिंदू पिकतोय समजून घरी बसल्या होत्या, त्या ६/९ पर्यंत गेल्या. त्यांचा पडदा मॅक्युलाखाली जेमतेम उचललेला होता. नऊ दिवसांत निकाल लागला असं समजू नका. आणि एक ऐतिहासिक गोष्ट, शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये जुल्स गोनॅन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याला पडलेलं भोक बंद केलं तरच पडदा बसतो हे दाखवेपर्यंत अशा माणसाचा तो डोळा जवळजवळ नक्की जायचा. ६/३६ हे समाधान नाही, मान्य, पण कुठून आलोय तेही बघा.

आता बाबांचं काय करायचं. मी त्यांना तपासलं नाही, त्यामुळे खालचं सगळं "असं असेल तर" प्रकारचं आहे. जीन्सवर खापर फोडायच्या आधी साध्या गोष्टी तपासा, कारण त्या दुरुस्त होतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालं होतं का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल झालं तर पन्नाशीपुढे व्हिट्रेक्टमीनंतर मोतीबिंदू लवकर येतोच, त्यात ऑइल होतं म्हणजे आणखीच, आणि सहा महिन्यांत तो नजर चांगली दोन-तीन ओळी खाली आणू शकतो. दुसरं, ऑइल असताना आणि काढल्यावर चष्म्याचा नंबर बदलतो, बरेच जण ऑइल काढल्यावर नंबर परत काढतच नाहीत आणि जुन्याच चष्म्यात "दिसत नाही" म्हणतात. पिनहोल लावून बघायला सांगा, बारीक भोकातून दोन ओळी जास्त वाचल्या तर चष्म्यात किंवा मोतीबिंदूत दोष आहे, पडद्यात नाही.

मग ओसीटी. त्यात बघायचं की मॅक्युलावर पातळ पापुद्रा आलाय का, कारण चौकट वाकडी दिसण्याचं ते एक नेहमीचं कारण, आणि तो सोलून काढता येतो. तो पापुद्रा म्हणजे त्याच म्युलर पेशी आणि आरपीई पेशींचा उद्योग, वर लिहिलं ना, घाबरल्यावर वण करायला घेतात ते. मॅक्युलाला सूज आहे का, मागे पाण्याचा एखादा थेंब राहिलाय का (हा कधीकधी महिनोनमहिने राहतो आणि आपोआप जिरतो), पडद्याला घडी पडलीय का. हे काहीच नसेल तर इलिप्सॉइड झोन म्हणून एक पांढरी रेघ असते, प्रकाश पकडणाऱ्या पेशींच्या टोकांजवळची, ती बघा. तिच्या किंचित वर अजून एक बारीक रेघ असते. दोन्ही अखंड तर पेशी जिवंत, नजर सुधारायला जागा आहे. वरची शाबूत पण खालची तुटक असेल तर सुधारणा होऊ शकते, पुढच्या ओसीटीत तुटक भाग भरत आलेला मी कितीतरी वेळा बघितलाय. दोन्ही गेल्या असतील आणि सहा महिन्यांनीही तसंच, तर मी आशा लावत नाही. सुधारणा वर्षभर चालू राहते, काहींची त्याहून जास्त, पण मोठा टप्पा पहिल्या सहा महिन्यांतच येतो. वाकडेपणा थोडा राहतो बऱ्याच जणांना. आणि दुसरा डोळा चांगला असेल तर मेंदू हळूहळू तिकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

एक धोका सांगून ठेवतो. आरपीईच्या पेशी भोकातून बाहेर पडून आपली ओळख विसरतात, टीजीएफ-बीटा वगैरे सिग्नलमुळे वण करणाऱ्या पेशींसारखे जीन्स वाजवायला लागतात, पडद्यावर जाळी विणतात आणि तो परत ओढून काढतात. पीव्हीआर म्हणतात त्याला, पडदा सुटलेल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांत होतो, आणि चांगलं झालेलं ऑपरेशन फेल जायचं ते सगळ्यात मोठं कारण. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो, बाबा त्यातून पुढे आलेत. तरी बाजूने सावली सरकत आली तर त्याच दिवशी दाखवा.

जेनेटिक टेस्ट. ६१ व्या वर्षी पहिल्यांदा सुटलेल्या पडद्याला मी टेस्ट सांगत नाही. सांगतो कधी, तर लहान वयात सुटला, दोन्ही डोळ्यांना सुटला, घरात दोन-तीन जणांना झालं, किंवा सोबत टाळूत फट, कमी ऐकू येणं, लवकर सांधेदुखी असं काही असेल. तेव्हा स्टिकलर सिंड्रोम शोधतो, त्यात डोळ्यातल्या जेलचं कोलॅजेन बनवणारा जीनच सदोष असतो. फार उंच, लांब बोटांची माणसं असतील तर मार्फन. यातलं काही तुमच्या घरात असेल तर सांगा, मग उत्तर बदलेल.

राहता राहिला तुमचा मायनस ७. इथे मात्र मी तुम्हाला हलकं घेऊ देणार नाही. जास्त नंबरचा डोळा लांब असतो, पडदा ताणलेला आणि कडेला पातळ. मायनस ३ च्या वर नंबर असला की धोका साधारण दहापट होतो असं अमेरिकेतल्या १९९३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. मूळ धोका फार छोटा आहे, वर्षाला दहा हजारांत एखादा, त्यामुळे दहापट ऐकून झोप उडवू नका. पण वडिलांना झालंय आणि तुमचा नंबर एवढा, तर बाहुली मोठी करायचे थेंब घालून, डोक्याला लाइट लावून कडेपर्यंत पडदा तपासून घ्या, नुसता मशीनवर काढलेला फोटो चालणार नाही. लॅटिस (पडद्याच्या कडेला पातळ झालेला पट्टा) निघाला तर लगेच लेझरची घाई नको, तो शंभरात आठ-दहा लोकांना असतो आणि बहुतेकांचं आयुष्य काही न होता जातं, भोक किंवा फाटलेलं दिसलं तर वेगळी गोष्ट. लेझरने नंबर घालवला असेल तरी धोका जात नाही, डोळा लांबच राहतो. बाबांच्या उजव्या डोळ्याचीही अशीच तपासणी करून घ्या, एका डोळ्याचा सुटला की दुसऱ्याचा सुटायची शक्यता अंदाजे दहात एक. चमका दिसल्या, अचानक काळ्या माश्या वाढल्या, कडेने पडदा आल्यासारखं वाटलं, तर रविवार असला तरी थांबायचं नाही. तपासणीच्या दिवशी बाइक घरी ठेवा, थेंबांमुळे चार-पाच तास उजेड सहन होत नाही.

बाबांच्या ओसीटीचा फोटो, ऑइल काढल्याची तारीख आणि लेन्स बसवलेली आहे का एवढं इथे टाका, बघून सांगतो.